मदत हवी आहे: 'रेडवॉल'चं ॲनिमेशन आणि घोडागाडीचा घोळ

मंडळी, मुलांच्या कादंबरीची टीव्ही मालिका होताना काय बदलतं यावर टिपण लिहितेय. उदाहरण घेतलंय ब्रिटिश लेखक ब्रायन जेक्स यांच्या 'रेडवॉल'चं, म्हणजे मठात राहणाऱ्या उंदरांच्या आणि त्यांच्यावर चालून येणाऱ्या घुशींच्या गोष्टीचं. पुस्तक १९८६चं, मालिका १९९९ची, कॅनडाच्या नेल्वाना स्टुडिओची. पहिल्या सीझनच्या १३ भागांत अख्खी कादंबरी बसवलीय.

गाडं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. जेक्स यांनी ही गोष्ट लिव्हरपूलच्या अंध मुलांच्या शाळेसाठी लिहिली होती. त्यामुळे पानोपानी वास, चवी, आवाज. मेजवानी वाचताना माझ्या तोंडाला आजही पाणी सुटतं. पडद्यावर मात्र तेच पदार्थ नुसते रंगीत डाग वाटतात. हे भरून काढायला काय करतात? पार्श्वसंगीत? की खाणाऱ्याच्या चेहऱ्याचा क्लोज-अप?

दुसरं, आकार. कादंबरीत घुशींची टोळी चक्क घोडागाडीतून येते! वाचताना खटकत नाही, पण चित्रात मठाचा दरवाजा घोड्याच्या मापाचा काढायचा की उंदराच्या?

कुणी स्टोरीबोर्डचं (दृश्यांचा चित्रांतून आखलेला आराखडा) काम केलं असेल तर प्लीज सांगा, पात्रांच्या उंचीचा तक्ता नेमका कधी ठरतो? पटकथेआधी की नंतर?