ठसा वाघाचा की तरसाचा?

प्रश्न (बार्शी तालुका):
येडशीच्या बाजूच्या आमच्या शिवारात परवा पहाटे ज्वारीला पाणी देताना बॅटरीच्या उजेडात पट्ट्यांचा एक मोठा प्राणी क्षणभर दिसला. सकाळी ओल्या दंडात, म्हणजे पिकाला पाणी नेणाऱ्या चारीत, ठसे सापडले. त्यांतला सर्वांत स्पष्ट ठसा अडीच काडेपेट्या रुंद भरला. जाणती मंडळी म्हणतात, ते तरसच असणार, कारण इकडे वाघ कधी कुणी पाहिलेला नाही. हे कुणाला कळवावे काय?

उत्तर १:
पट्टे तरसालाही असतात, पण त्याची पाठ मागे उतरती असते आणि ठशात नखे उमटतात; वाघ-बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतात, त्यामुळे ती सहसा दिसत नाहीत. काडेपेटी पाच सेंटीमीटरची धरली, तर तुमचा ठसा साडेबारा सेंटीमीटरचा होतो, आणि बिबट्याचा सहसा एवढा नसतो. मात्र चिखलात ठसा पसरतो; कोरड्या वाटेवरचा मोजून पाहा.

उत्तर २:
‘कधी पाहिलेला नाही’ हा पुरावा धरू नये. डिसेंबर २०२४ मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ आला आणि पट्टे जुळवल्यावर तो यवतमाळच्या टिपेश्वरचा निघाला. टिपेश्वरचे क्षेत्र जेमतेम १४८ चौरस किलोमीटर. तिथे वाढलेल्या तरुण नराला स्वतःचा मुलूख शोधायला बाहेर पडावेच लागते. तिथलाच, गळ्यात माग काढणारी रेडिओ कॉलर लावलेला एक वाघ २०१९ मध्ये निघून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला, तो ३,००० किलोमीटर अंतर कापून.

उत्तर ३:
हे ३,००० किलोमीटर म्हणजे त्याची सगळी भटकंती, तेलंगणातली वळणे धरून. टिपेश्वर ते ज्ञानगंगा सरळ अंतर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. प्रश्नकर्त्यांनी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून वरून सरळ फोटो काढावा आणि गट नंबर इथे लिहू नये, नाहीतर उद्या बांधावर मोबाइलवाल्यांची जत्रा भरेल. पाळीव जनावर मारले गेले असल्यास पंचनाम्यापर्यंत ते जागचे हलवू नये.

प्रश्नकर्ता:
कळवले. वनरक्षक येईपर्यंत पाण्याची पाळी आली आणि वडिलांनी दंड सोडून दिला, त्यात बाकीचे ठसे वाहून गेले; बांधाच्या कडेला घमेल्याखाली झाकलेला एकच राहिला, त्यात नखे नाहीत. त्याचा प्लास्टरचा साचा त्यांनी नेला असून ओढ्याकाठी कॅमेरा बांधला आहे.