शब्दचर्चा : भुंगेरा बुरशी 'पसरवतो' की 'नेतो'?

नाशिकहून विचारतोय. शेतकी शिकणाऱ्या मुलांसाठी एक मजकूर मराठीत आणतोय आणि दोन दिवस एकाच वाक्यावर अडलोय. कॅनडात पाइनच्या सालीखाली राहणाऱ्या माउंटन पाइन बीटल या भुंगेऱ्याबरोबर एक बुरशी सापडली; 2005 साली तिचं रीतसर वर्णन झालं आणि लेप्टोग्राफियम लाँगिक्लॅव्हॅटम हे नाव मिळालं. मी लिहिलं, 'भुंगेऱ्याने पसरवलेली बुरशीची नवी प्रजाती'. वाचून समाधान होईना. पसरवतात अफवा, पसरवतात घाण. हा किडा तर बुरशी जपून नेतो. त्याच्या जबड्याशी तेवढ्यासाठी एक कप्पा असतो, मायकँजियम. मादी नव्या झाडात बोगदा कोरते, कप्प्यातले बीजाणू तिथे रुजतात, लाकूड निळसर पडतं, आणि तिची पिल्लं पुढे हीच बुरशी खातात. या कप्प्याला आणि या नेण्याला काय म्हणावं?

प्रतिसाद :
आधी 'प्रजाती' खोडा. मराठी विश्वकोशात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. लेप्टोग्राफियम ही प्रजाती; पुढे लाँगिक्लॅव्हॅटम लागलं की ती जाती. वर्तमानपत्रांत हिंदीच्या वळणाने हे सर्रास उलटं छापतात आणि मुलं परीक्षेत गोंधळतात. 'नवी'लाही माझी हरकत आहे. बुरशी होतीच, भुंगेराही होता. नवं आहे ते वर्णन. 2005 साली तर ते लॅटिनमध्ये देणं सक्तीचं होतं, इंग्रजी चालेल हा नियम 2012 पासूनचा. म्हणून 'नव्याने वर्णिलेली जाती'. आणि पाइनला देवदार लिहू नका, ते झाड वेगळं. (लाँगिक्लॅव्हॅटम म्हणजे लांब गदेसारखं. अंजनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला हे नाव फार आवडलं.)

प्रतिसाद :
सर, मी सटाण्याकडचा, डाळिंबवाला. आमच्याकडचा शॉट होल बोरर याच भुंगेऱ्याच्या भाऊबंदांतला. खोडाला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात, भोकातून भुकटी येते. आम्ही गेरूची पेस्ट लावतो. मर, म्हणजे झाड वाळवणारा रोग, लागलेल्या झाडावर तो बऱ्याचदा दिसतो. पण मर आणणारी सेराटोसिस्टिस बुरशी मातीतून मुळांतही शिरते. तेव्हा सगळा दोष किड्यावर ढकलणारा शब्द नको, नाहीतर माणूस खोडाला पेस्ट लावत बसतो आणि मातीकडे बघत नाही.

तुमचा प्रश्न आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "विरजण नेतो म्हण की." शेजारून चमचाभर आणायचं, आपल्या दुधाला लावायचं, की तिकडचंच दही इकडे. विरजण लागतं, बुरशीही लागते. शब्द एकच.

प्रतिसाद :
आईंचं सुंदर आहे, पण विरजणाने दूध नासत नाही. इथे झाड मरतं.

मूळ प्रश्नकर्ता :
हरकत मान्य. झाडाच्या बाजूने पाहिलं तर विरजण म्हणवत नाही. पण भुंगेऱ्याच्या बाजूने अगदी तेच आहे. घर बदलताना तो पिल्लांच्या जेवणाची सोय बरोबर घेतो, आणि 'पसरवणे'त नेमकं हेच हरवत होतं. आईंना नमस्कार सांगा दादा. विरजण मी समजावून सांगताना वापरेन, व्याख्येत नाही. कप्प्यासाठी मला कुणी 'थैली' कळवलं होतं, पण थैली म्हटलं की कांगारू आठवतो. माझे आजोबा कमरेला चंची खोचायचे. पान, सुपारी, तंबाखू, जे लागायचं ते सोबत. मी 'बुरशीची चंची' लिहितोय. मुलांना चंची ठाऊक नसेल तर चित्र काढून दाखवू.

वाक्य आता असं झालंय : 'पाइनच्या सालीतला भुंगेरा जबड्याजवळच्या चंचीतून जी बुरशी झाडोझाड नेतो, तिची ही नव्याने वर्णिलेली जाती.' 'झाडोझाड' कुणाला खटकत असेल तर सांगा. छपाईला अजून आठवडा आहे.