खाजनातला पेंढा गाडला तर हवामानाला फायदा की तोटा?

(खाजन म्हणजे खाडीकाठी बांध घालून भरतीपासून राखलेली भातजमीन. चर्चेत प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मांडवीकाठ
पेंढा जाळू नका, जमिनीत गाडा, हेक्टरी इतका कार्बन साठेल, असं सांगणारे तयार तक्ते गोव्याच्या भाताला लावू नयेत. गहू-मक्याच्या कोरड्या जमिनीला ते ठीक. तुंबलेल्या पाण्यात पेंढा कुजला की मिथेन सुटतो.

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०१९ च्या सुधारित पद्धतीने हिशेब करून बघा. दक्षिण आशियासाठी मूळ आकडा दिवसाला हेक्टरी ०.८५ किलो मिथेन. ११० दिवसांच्या पिकाला साधारण ९४ किलो. लावणीच्या ३० दिवसांच्या आत हेक्टरी ५ टन सुका पेंढा गाडला तर हा आकडा २.९ पट होतो. त्याहून आधी गाडला तर दीडपटच. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट तापवतो, म्हणून त्याला २७ ने गुणलं तर दोन्हींतला फरक साडेतीन टन कार्बन डायऑक्साइडएवढा. पेंढा तोच, फक्त नांगरटीची तारीख वेगळी. वायंगणाआधी (खरिपानंतरच्या दुसऱ्या भातपिकाआधी) तेवढे दिवस मिळत नसतील तर पेंढा गुरांना घाला नाहीतर कंपोस्ट करा.

खारवट
तुम्ही शेतात कायम पाणी धरून चाललात. खरिपातल्या पावसावरच्या भाताला त्याच पद्धतीत ०.५४ चा गुणक आहे. शिवाय खाजनात खाडीच्या पाण्याबरोबर सल्फेट येतं. त्यावर जगणारे जिवाणू मिथेन करणाऱ्यांचं खाद्य आधीच संपवतात. म्हणजे तुमचाही तक्ता परगावचाच. एक नाकारायचा आणि दुसरा डोळे झाकून घ्यायचा, हे पटत नाही.

मांडवीकाठ
खरिपाला ०.५४ लावा. फरक १.९ टनांवर येईल, नाहीसा होणार नाही. सल्फेटचा मुद्दा योग्य, पण पहिल्या पावसात मीठ धुऊन निघाल्यावरच कोरगुटाची, म्हणजे खारेपणा सोसणाऱ्या भाताची, पेरणी होते. त्या महिन्यांत सल्फेट किती उरतं हे मानशीनुसार (खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या बांधातल्या दारानुसार) बदलणार. शेतातून सुटणारा वायू धरणाऱ्या गॅस-पेट्या लावून मोजा आणि खाजनाचा वेगळा गुणक काढा. तोवर वजाबाकी अंदाजाने करू नका.

माती तपासा
मातीतला कार्बन मोजता येतो, फक्त मोजताना खाजनात एक हमखास घोटाळा होतो. प्रयोगशाळेतल्या वॉकले-ब्लॅक पद्धतीत किती डायक्रोमेट खर्च झालं यावरून कार्बन काढतात; पण मिठातलं क्लोराइडसुद्धा डायक्रोमेट खातं आणि कार्बन जास्त दिसतो. पहिला नमुना ऑक्टोबरात, दुसरा मे महिन्यात मीठ वर आल्यावर घेतला, तर कार्बन न वाढताही वाढलेला दिसेल. सल्फ्युरिक आम्लात सिल्व्हर सल्फेट घालायला सांगा आणि दोन्ही नमुने एकाच महिन्यात घ्या. ३० सेंमी खोली आणि मातीची घनता १.३ (घनसेंमीला ग्रॅम) धरली तर ०.१ टक्क्याची चूक म्हणजे हेक्टरी ३.९ टन कार्बन, सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड. वर चाललेला सगळा वाद त्यात मावतो.

मोरड म्हणजे चढावरच्या जमिनीत मोजताना मातीच्या वजनातून जांभ्याचे खडे वजा करायला विसरू नका.

बांधावरून
पेंढा आणि मिथेन मोजताय, पण तुलना कशाशी? बांध फुटला आणि शेत पडीक राहिलं की खारफुटी शिरते, आणि ती भाताहून कितीतरी जास्त कार्बन साठवते. नुसता कार्बनच मोजायचा तर बांध दुरुस्त करणं तोट्याचं ठरेल!

खारवट
म्हणूनच बांध-मानशींच्या डागडुजीचा खर्च कार्बनच्या रकान्यात टाकू नये. बांध राखतो ते भातासाठी आणि भरतीचं पाणी गावात शिरू नये म्हणून. तो खर्च त्याच नावाने मागावा. पेंढ्याच्या तारखेचा फायदा वेगळा लिहावा, खरिपाचा आणि वायंगणाचा स्वतंत्र.