मदत हवी आहे : जबडा तुटलाय आणि ऑपरेशन लांबवतायत

वाटसरू_संगमनेर :
भावाची बाईक गेल्या शनिवारी खड्ड्यात गेली. जबडा दोन ठिकाणी तुटलाय, हनुवटीच्या डावीकडे आणि उजव्या कानापुढे. पाच दिवस झाले, नुसतं सलाईन आणि नाकातल्या नळीने दूध. रोज "उद्या बघू". सर्जन म्हणतात करू, भूल देणारे म्हणतात थांबा. आज सांगितलं, गळ्याला भोक पाडावं लागेल. जबडा तुटलाय तर गळ्याला भोक कशाला?? आईने जेवण सोडलंय. नाशिकमध्ये चांगला सर्जन सांगा. लवकर.

कडूकॉफी :
वय? बेशुद्ध झाला होता का? सीटी फक्त चेहऱ्याचं की मानेचंही? हे न सांगता डॉक्टर कसा सुचवणार?

रानमेवा :
आमच्या आजोबांचा जबडा जांभई देताना निखळला होता. गावच्या हाडवैद्याने दोन्ही अंगठे तोंडात घालून एका झटक्यात बसवला. खर्च एक नारळ.

कडूकॉफी :
अहो, निखळणं वेगळं, तुटणं वेगळं. तुटलेल्याला झटका दिलात तर नारळ दुसऱ्या कामाला लागेल.

वाटसरू_संगमनेर :
वय ३४. शुद्धीत आहे. सीटी सगळं केलंय. मानेला कॉलर आहे, पण ती तर अपघातात सगळ्यांनाच लावतात.

पुणेरी_पगडी२ :
हेल्मेट होतं का? अर्धं हेल्मेट असेल तर हनुवटी उघडीच राहते. मी तर कायम पूर्ण तोंडाचंच

दाढदुखी :
मी तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रिया विभागात काम करते, म्हणून लिहिते. पाच दिवस कॉलर काढलेली नाही, म्हणजे ती उगाच नाही. रिपोर्टमध्ये सी-५, सी-६ (मानेचे मणके) असं काही लिहिलंय का बघा.

भोकाचं सांगते. जबडा जुळवताना वरचे-खालचे दात आधी पूर्वीसारखे एकमेकांवर बसवून तारेने बांधतात, मग टायटॅनियमच्या छोट्या प्लेटा आणि स्क्रू. भुलेत श्वासासाठी घालतात ती नळी तोंडातून असेल तर दात मिटणारच नाहीत, म्हणून ती नाकातून घालतात. नाकाचं किंवा कवटीच्या तळाचं हाड मोडलं असेल, नाकातून पाण्यासारखं गळत असेल, तर नाकही नको. मग हनुवटीखाली छेद देऊन नळी तिथून बाहेर काढता येते, पण त्यासाठी ती आधी तोंडातून आत जावी लागते. तेही नाही जमलं तर गळ्याचं भोक. ते तात्पुरतं असतं, नळी काढली की भरून येतं.

अपघाताआधी तोंड किती उघडायचं? तीन बोटं उभी जायची?

सह्याद्रीपुत्र :
माझी मान संगणकामुळे दुखते, हाताला मुंग्या येतात. उशी घ्यावी की नको?

वाटसरू_संगमनेर :
सी-६ ला तडा, हाड सरकलेलं नाही असं लिहिलंय. नाकातून काही गळत नाही.
तोंड... दोन बोटं. खरं तर दीड. पुडी खायचा. मिसळ खाल्ली की तोंडाची आग व्हायची. पण त्याचा अपघाताशी काय संबंध?

दाढदुखी :
दादा, संबंध अपघाताशी नाही, नळीशी आहे. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर पट्ट्यासारखं कडक होतं, सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. भूल देऊन स्नायू सैल केले तरी ते तोंड उघडणार नाही. वर मान मागे करायची सोय नाही. त्यात श्वास थांबला आणि नळी गेली नाही तर काय, याची भूलतज्ज्ञांना धास्ती आहे आणि ती रास्त आहे. जागेपणी, नाक बधिर करून, दुर्बिणीवरून नळी घालता येते. गळ्याचं भोक हा मुख्य बेत आहे की दुर्बीण फसली तरची तयारी, एवढंच विचारा. पुडीचं त्यांना सांगितलंत का?

अजून एक. कानापुढचा तुकडा उघडून बसवायचा तर डोकं एका बाजूला वळवावं लागतं. मणक्याला तडा असताना ते नाही. मग तिथे छेद न देता दात रबराने बांधून ठेवतात. पण याचं तोंड आधीच आवळलेलं, बांधून ठेवलं तर आणखी आवळेल. खरा पेच हा आहे, सर्जनशी यावर बोला. आठवडा-दहा दिवसांनी जबडा बसवणं आमच्याकडे नेहमीचं आहे.

रानमेवा :
गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे ना राज्यात?

कडूकॉफी :
आहे. टपरीवर विचारा, तोही हेच सांगेल आणि पुडी देईल.
धागाकर्ते, हॉस्पिटल बदलू नका. तडा गेलेली मान घेऊन त्याच खड्ड्यांतून अँब्युलन्स नेणार का? आणि पोलीस नोंद झालीय का ते पाहा, विम्याला लागेल.

वाटसरू_संगमनेर :
पुडीचं सांगितलं नव्हतं, आई समोर होती. आता सांगून आलो. भूलवाले डॉक्टर म्हणाले, तोंड उघडत नाही ते दिसलं होतं, पण दुखण्यामुळे की आधीपासून ते कळत नव्हतं. दुर्बीणवाले शनिवारी येतील, भोक पाडायची तयारी शेजारी ठेवतील.
तार बांधल्यावर उलटी झाली तर?

दाढदुखी :
तार कापायची पक्कड उशाशी ठेवायला सांगा. नर्सकडून आधीच शिकून घ्या, कुठली तार कापायची. पेज गाळूनच द्या.

सह्याद्रीपुत्र :
उशीचं राहिलं.