किल्लीतला सेल बदलण्याविषयी: कॅमरी २०१९

शॉमबर्गहून
नमस्कार शिकागो परिसरातल्या मंडळींनो,
२०१९ ची कॅमरी, बटण दाबून सुरू होणारी. किल्लीची बॅटरी कमी झाल्याचा संदेश डॅशबोर्डवर येतो आहे. डिसेंबरात सहा आठवडे पुण्याला जायचं आहे, त्याआधी हे उरकायचं आहे. कोणता सेल लागेल? सेल काढला की गाडी किल्लीला विसरते का? आणि त्याआधीच सेल पूर्ण गेला तर गाडी सुरू कशी करायची?

नेपरविलहून
नमस्कार ताई,
तुमच्या कॅमरीला सीआर २४५० लागतो. त्या आकड्यांत मापच लिहिलेलं असतं: पहिले दोन आकडे व्यासाचे, पुढचे दोन जाडीचे. म्हणजे २४ मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि ५.० मिलिमीटर जाड. सीआर २०३२ हा २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ जाड. या ई-मेल यादीवरच्या इतरांच्या उपयोगाचं म्हणून सांगतो, २०१० ते २०१५ च्या प्रियसच्या स्मार्ट किल्लीत सीआर १६३२ असतो. "टोयोटाचा सेल" म्हणून दुकानात मागू नका. जुन्या सेलवर कोरलेला आकडा वाचा आणि तोच आणा.

ओळख पुन्हा करून द्यावी लागत नाही. किल्लीची खूण चिपमध्ये कायमची लिहिलेली असते, ती सेलवर अवलंबून नसते. गाडी सुरू करण्यापुरती ताकद तर त्या चिपला गाडीच्याच चुंबकीय क्षेत्रातून मिळते. म्हणून सेल पूर्ण संपला तरी अडत नाही. किल्लीच्या आत सरकवलेली धातूची किल्ली काढून दार उघडा. मग ब्रेक दाबून धरा, रिमोटची टोयोटाचं चिन्ह असलेली बाजू इंजिनच्या बटणाला टेकवा, बीप वाजला की ब्रेक तसाच ठेवून बटण दाबा.

आता सेल बदलणं. बाजूचा खटका दाबून धातूची किल्ली बाहेर काढा. तिच्या खाली उघडी पडणारी फट हीच आत शिरायची जागा. चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला फडक्याचा तुकडा गुंडाळा, टोक फटीत घाला आणि पिळा. वर उचकटायला गेलात की प्लॅस्टिकची कड पांढरी पडते आणि पुढे झाकण नीट बसत नाही. झाकण निघाल्यावर सेल दिसला नाही तर घाबरू नका, आतला सर्किटचा भाग वरच्या झाकणाला चिकटून आलेला असतो. तो अलगद सोडवा, सेल दिसेल. त्या वेळी फोनने एक फोटो काढून ठेवा.

सेल बारीक चपट्या टोकाने बाजूने उचला. धातूच्या चिमट्याने दोन्ही बाजू एकदम धरल्या तर सेल शॉर्ट होतो. नवा सेल कडेने धरा, सपाट पृष्ठांना बोट लावू नका, कारण बोटांचा तेलकटपणा संपर्काच्या आड येतो. अधिक चिन्ह वरच्या बाजूला. रबरी कड जागेवर आहे ना ते पाहूनच झाकण दाबा, ती मुडपली की पावसात आत पाणी जातं.

अरोराहून
नेपरविलच्या काकांनी सगळं बरोबर सांगितलं आहे. मी फक्त सेलचं व्होल्टेज मोजणाऱ्या मीटरविषयी लिहितो, कारण तिथे नेहमी फसगत होते. नुसता मीटर लावला तर दमलेला सेलसुद्धा २.९ व्होल्ट दाखवतो आणि आपण तो चांगला समजून परत बसवतो. किल्ली रेडिओ लहर सोडते तेव्हा काही मिलिअँपिअरचा झटका लागतो, आणि जुन्या सेलचा आतला विरोध वाढलेला असल्यामुळे त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं. २२० ओहमचा एक रेझिस्टर (विजेला ठरावीक विरोध करणारा छोटा सुटा भाग) सेलला दोन सेकंद लावून मोजा: २.८ च्या वर टिकला तर ठीक, २.५ च्या खाली गेला तर बदला. थंडीत हाच विरोध आणखी वाढतो, म्हणून आपल्याकडे जानेवारीच्या सकाळी किल्ली दगा देते आणि दुपारी गरम खिशात ठेवली की चालते.

पर्यायी सेल घेऊ नका. एलआयआर २४५० हा भरता येणारा सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो आणि किल्लीचं सर्किट ३ व्होल्टचं आहे. २०३२ च्या जागी २०२५ बसवून खाली चांदीच्या कागदाची घडी घालतात, तेही टाळा. ०.७ मिलिमीटरची पोकळी घडीने भरून निघाली तरी किल्ली खाली पडली की संपर्क सुटतो. उलट जाड सेल कोंबला तर सेलला टेकणारी धातूची पत्ती कायमची दबते, मग बरोबर मापाचा सेल घालूनही काम होत नाही.

पॅलेटाइनहून
ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी हे नीट वाचावं ही विनंती. २४५० सारखा मोठा नाण्यासारखा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत तिथे खोल जखम होऊ शकते. ती सेलमधल्या रसायनाच्या गळतीमुळेच होते असं नाही. ओलसर ऊतीतून विजेचा प्रवाह वाहतो आणि तिथे तीव्र अल्कली तयार होते. म्हणून बाद झालेला सेलही घातक ठरू शकतो. ताबडतोब आणीबाणी विभागात न्या, उलटी करवू नका. मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी चहाचे दोन छोटे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी थांबू मात्र नका. एक्स-रे हाच निर्णायक.

अमेरिकेत २०२२ च्या रीझ कायद्यामुळे या सेलची पाकिटं मुलांना उघडता येऊ नयेत अशी असावी लागतात. पाकीट उघडायला कात्री लागते याचा राग मानू नका. उरलेले सेल त्यातच ठेवा.

शॉमबर्गहून
सगळ्यांचे आभार. सेल बदलला, पण किल्लीचं बटण दाबल्यावर तिच्यावरचा लाल दिवा कधी लागतो, कधी नाही. सेल नवा आहे, वरून कडू लागणाऱ्या लेपाचा.

अरोराहून
तो लेपच कारण असण्याची शक्यता आहे. मुलांनी तोंडात घालू नये म्हणून तो असतो, पण काही किल्ल्यांतल्या पत्त्या नेमक्या लेपावर टेकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने संपर्काची जागा पुसा, वाळू द्या. तरीही झालं नाही तर पत्ती दबली आहे का पाहा. ती लाकडी दातकोरणीने केसभर वर उचला, जास्त वाकवलीत तर मोडते.

नेपरविलहून
ताई, जाण्यापूर्वी एक करा. स्मार्ट किल्ली सतत गाडीची हाक ऐकत असते, वापरली नाही तरी सेल झिजतो. कुलूप लावायचं बटण दाबून धरा आणि उघडायचं बटण दोनदा दाबा. दिवा चार वेळा लुकलुकला की किल्ली झोपली. परत आल्यावर कुठलंही बटण दाबलं की जागी होते. दुसरी किल्लीही झोपवा, आणि दोन्ही गाडीपासून लांब, टीव्ही आणि चार्जरपासून किमान एक मीटर अंतरावर ठेवा.

जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो काउंटीच्या संकलन केंद्रावर द्या. डब्यात दोन सुटे सेल एकमेकांवर पडले तर तापतात.