मदत हवी आहे: मागच्या चाकावर तिसऱ्या उडीच्या पुढे जातच नाही

फुलेवाडीकर_26
नमस्कार मंडळी. दोन महिने झाले, रोज संध्याकाळी दीड तास ट्रायल्सची, म्हणजे पाय न टेकता अडथळ्यांवरून बाईक न्यायच्या खेळाची, प्रॅक्टिस करतोय. बाईक जागेवर उभी राहते, पुढचं चाक उचललं जातं. पण मागच्या चाकावर उड्या मारायला लागलो की तिसऱ्या उडीला पुढचं चाक खाली येतंच. जो तो सांगतो, वजन मागे घ्या. घेतोय की! अजून किती घ्यायचं? पंधरा दिवसांनी पुण्याहून भाऊ येतोय, त्याला दाखवीन म्हणून कबूल करून बसलोय. सेटिंगमध्ये काय बदलू तेवढं थेट सांगा.

बुलेट_350
गाडी कुठली ते लिहिलं नाही. हीरोची इम्पल्स आहे का? क्लच पूर्ण दाबत असशील तर तीच चूक आहे. अर्ध्या क्लचवर धर, आयडल जरा वाढव आणि पुढचं स्प्रॉकेट एका दात्याने लहान कर. माझ्या गाडीला याचा खूप फरक पडला.

फुलेवाडीकर_26
क्लच कसला? सायकल आहे हो. ट्रायल्सची सायकल.

बुलेट_350
बाईक म्हटलं की आपल्याकडे मोटरसायकलच, मला वाटलं तेच लिहिलं. तरी सांगतो, ट्रायल्स हा मुळात मोटरसायकलचाच खेळ. 1952 ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जॉनी ब्रिटनने 350 बुलेटवर जिंकली होती. दगडधोंड्यातून, पाय न टेकता. म्हणून 2019 मध्ये कंपनीने बुलेट ट्रायल्स काढली तेव्हा मी खास बघायला गेलो होतो.

मागचं_चाक
फुलेवाडीकर, उत्तर पाहिजे असेल तर आधी हे सांग: पुढे किती दाते, मागे किती? टायरमध्ये हवा किती? ब्रेक रिमवरचा की डिस्कचा? कुठला पाय पुढे ठेवतोस? तुझं वजन?

फुलेवाडीकर_26
साधी 26 इंची गिअरची एमटीबी (डोंगरी सायकल) आहे. ब्रेक रिमवरचे. वजन 62. गिअर सगळ्यात हलका टाकलाय, व्हिडिओत हलका गिअर लागतो म्हणाले होते.

लेथ_उद्यमनगर
भावा, रोग ब्रेकमध्ये आहे, लिहून घे. मागचं चाक जराही सरकलं की तोल गेला. ट्रायल्सवाले रिमला ग्राइंडर मारून खरखरीत करतात. उद्यमनगरात ये, दहा मिनिटांत मारून देतो, पैसे नकोत. ब्रेकचा रबरी ब्लॉक असा धरेल की नाद खुळा.

मागचं_चाक
कृपा करून लगेच ग्राइंडर मारू नका. ट्रायल्सच्या रिमची भिंत जाड असते. साध्या रिमची भिंत आधीच पातळ, त्यात ब्लॉक तिला रोज घासणार. ती फाटली तर टायर जागेवर बाहेर येतो. आधी बारीक पॉलिश पेपर फिरवून स्पिरिटने पूस आणि ब्लॉक बदल.

लेथ_उद्यमनगर
डबल वॉल, म्हणजे दुहेरी भिंतीची रिम असेल तर काही होत नाही. चार वर्षं माझ्या पोराच्या सायकलला आहे. हात हलका पाहिजे एवढंच. रिम स्टीलची असेल तर मात्र माझंही नाही म्हणणं.

राजारामपुरी_आई
माझा मुलगाही हेच करतो म्हणून लिहिते. हेल्मेट आहे का? नडगीला काही बांधतोस का? पेडलच्या काट्यांनी मुलाला सात टाके पडले. फुटबॉलचे शिनगार्ड घे, आपल्या गावात ते कुठल्याही खेळाच्या दुकानात मिळतात. सीट काढून नुसती नळी ठेवलीस असं करू नकोस बाळा. उघडी नळी फार वाईट लागते. काढायची तर नळीसकट काढ.

फुलेवाडीकर_26
सीट आहे, वरच आहे. ट्रायल्सच्या व्हिडिओंमुळे गाजलेल्या डॅनी मॅकअस्किलच्या सायकलला पण सीट असते की.

मागचं_चाक
त्याची सायकल 24 इंची, आणि सीट पार खाली. तुझी वर असेल तर कंबर मागे जाणार कशी? ती पोटाला अडते म्हणून तू हात वाकवतोस आणि हात वाकले की पुढचं चाक खाली. दाते आणि हवा अजून सांगितली नाहीस.

फुलेवाडीकर_26
सीटचं बरोबर आहे, अडतेच. पुढची लहान चकती 24, मागची मोठी 28. हवा पेट्रोल पंपावर 45 भरली.

पन्हाळा_रोड
45 म्हणजे टायर नाही, दगड आहे. बाकी जागेवर सगळं अवलंबून असतं. पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर प्रॅक्टिस कर, काळा दगड, उंची एकसारखी. नाहीतर पन्हाळ्याच्या तटापाशी.

राजारामपुरी_आई
घाटावर माणसं आंघोळीला, दिवे सोडायला येतात. म्हाताऱ्या बायका पायऱ्या उतरत असतात. तिथे नको.

लेथ_उद्यमनगर
आणि पन्हाळ्याला हात लावायचा नाही. ते संरक्षित स्मारक आहे, आणि महाराजांचा गड आहे. त्या दगडांवर पेडल आपटायचं? ट्रकचे जुने टायर आणि लाकडी पॅलेट आमच्याकडे पडून असतात, घेऊन जा.

पन्हाळा_रोड
चूक मान्य, गडाचं मागे घेतो. पण ओल्या काळ्या दगडावर टायर घसरतो आणि जांभ्यावर धरतो, हे मात्र खरं आहे. जांभा टायरच्या कडा कापतो ही वेगळी गोष्ट.

मागचं_चाक
आता गिअर कळला, म्हणून सविस्तर लिहितो.

तू मागचा ब्रेक दाबून उड्या मारतोस आणि तो सोडतच नाहीस, बरोबर? मागच्या चाकावर कुणीच स्थिर उभं राहत नाही, तोल सतत पुढे-मागे जातो. पुढचं चाक पडायला लागलं की उडीच्या क्षणी मागचा ब्रेक टिचकीभर सोडायचा, पुढच्या पायाने पेडलला हिसका द्यायचा, सायकल अंगाखाली ओढून घ्यायची आणि लगेच ब्रेक. "वजन मागे घ्या" हे अर्धंच सांगणं आहे. पुढचं चाक वर राहतं ते या हिसक्यामुळे.

तुझ्या गिअरवर तो हिसका वाया जातो. 24-28 वर पेडल पाव फेरी फिरलं तर सायकल जेमतेम 44 सेंटीमीटर सरकते. 24-20 वर तेवढ्याच फेरीत 62. ट्रायल्सच्या 26 इंची सायकलींना 18-15 किंवा 22-18 असतं, म्हणजे 1.2 च्या आसपास, आणि 24-20 बरोबर तेवढंच. तुझ्या मागच्या चकत्यांत 20 दात्यांची असणार, मोजून बघ. नवीन काही घ्यायला नको.

दुसरं, फ्रीव्हील, म्हणजे पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग. साध्या फ्रीव्हीलला एका फेरीत 18 कट (पकड बसायच्या जागा) असतील तर चाकाच्या 20 अंशांपर्यंत पोकळी, म्हणजे पकड बसेपर्यंत पेडल रिकामं फिरतं. गिअर जितका हलका तितकी ती पायाला जास्त जाणवते: 24-28 वर 23 अंश, 24-20 वर 17. ट्रायल्सवाले फ्रीव्हील पुढे क्रँकवर (पेडलच्या दांड्यापाशी) बसवतात, 108 कटांचं, तिथे पोकळी तीन अंशांच्या आसपास. तुला ते आत्ता नको. हिसक्याआधी पुढच्या पेडलवर सतत दाब ठेव, म्हणजे पोकळी आधीच भरलेली असेल.

हवा मागे 26 वर आण आणि रोज बघ. त्याहून खाली गेलास तर कडेवर आपटल्यावर ट्यूब रिममध्ये चिमटून दोन भोकं पडतील. सीट पार खाली. हात सरळ, गुडघे वाकलेले.

एक तुझ्या हातात नाही. खऱ्या ट्रायल्स सायकलीत पेडलचा आस मागच्या चाकाच्या अगदी जवळ असतो, 380 मिलीमीटरच्या आसपास, आणि उंचही. एमटीबीत तो 430 च्या पुढे. म्हणून तुला कंबर इतरांपेक्षा जास्त मागे न्यावी लागते. दोन महिन्यांत तीन उड्या म्हणजे तू वाईट करत नाहीस.

लेथ_उद्यमनगर
हे पटलं. पण पुढचा शॉकअपवाला फोर्क बदलल्याशिवाय चाक वर येणार नाही. सगळा जोर शॉकअप खातो.

मागचं_चाक
चाक उचलताना खातो, मान्य. पण त्याचं चाक उचललं जातंय, अडचण त्याच्या पुढची आहे. फोर्कला पैसे घालायची वेळ अजून आली नाही.

फुलेवाडीकर_26 (चार दिवसांनी)
24-20 केलं, हवा 26, सीट खाली. पहिल्या दिवशी काहीच जमेना, ब्रेक सोडायची भीती वाटायची. काल सात उड्या झाल्या, आज एकदा अकरा! हिसका लागला की चाक आपोआप वर येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पण आज हिसका देताना चेन दोनदा कटकन उडाली. आणि शिनगार्ड घेतले, काकू.

राजारामपुरी_आई
शाब्बास. हेल्मेटचं उत्तर अजून दिलं नाहीस.

मागचं_चाक
चेन उडतेय तोवर हिसका पूर्ण बंद. भर जोरात चेन निसटली तर गुडघा थेट हँडलवर आणि तोंड जमिनीवर. केबल सैल असेल, चेन 20 आणि तिच्या शेजारच्या लहान चकतीच्या मध्ये अडकत असणार. मागच्या डिरेलरपाशी (चेन चकत्यांवर सरकवणारा भाग) केबल शिरते तिथला गोल स्क्रू अर्धा वळसा डावीकडे फिरव, चाक हाताने फिरवून आवाज ऐक. तरी उडाली तर 20 च्या चकतीचे दाते आणि चेन दोन्हींचा जवळून फोटो टाक.

फुलेवाडीकर_26
हेल्मेट आहे, काकू, घालतो. स्क्रू आत्ता बघतो. फोटो उजेडात काढावा लागेल, उद्या सकाळी टाकतो.