तिन्हीसांजेची किरकिर: तान्हं बाळ शांत करण्याचे उपाय, मापासकट

दिवसभर शहाण्यासारखं झोपणारं बाळ दिवेलागणीला सूर लावतं आणि मग रात्री दहापर्यंत घरातली सगळी माणसं पाळण्याभोवती. या धाग्यात ज्याला जे पक्कं ठाऊक आहे तेवढंच लिहा. कृती हवी, माप हवं, कुठे चुकतं तेही हवं. आपल्या बाळाचं कौतुक दुसऱ्या धाग्यात!

सुरुवात मीच करते. हे रडणं साधारण दुसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरतं. बाळ आधी जन्मलं असेल तर हे आठवडे डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजायचे. त्यामुळे दीड महिन्याला रडं वाढलं म्हणून 'कालपर्यंत बरं होतं, आज काय बिघडलं' असा शोध लावत बसू नका. सहा उपाय सहा मिनिटांत करून पाहणं ही सगळ्यात मोठी चूक. एक उपाय धरा, त्याला निदान ५ मिनिटं द्या.

स्तनपान समुपदेशनाचं काम करते

संध्याकाळी 'दूध पुरत नाही' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि तिथेच पावडरच्या दुधाचा डबा उघडला जातो. संध्याकाळी स्तन मऊ लागतात, दुधाची धार हळू येते, पण त्या दुधात स्निग्धांश जास्त असतो. बाळ पाच ते दहा या वेळात दर अर्ध्या-पाऊण तासाने पितं, मध्ये डुलकी काढतं, पुन्हा मागतं. ते तसंच पाजायचं. दूध पुरतंय का हे रडण्यावर नाही, लंगोटांवर ठरवा: पाचव्या दिवसानंतर २४ तासांत ६ किंवा जास्त ओले लंगोट आणि दोन आठवड्यांत जन्मवजन भरून येणं. हे दोन्ही जमत असेल तर दूध पुरतंय.

आता पकड पाहा. फक्त बोंडी तोंडात असेल तर 'चुक चुक' आवाज येतो, गाल आत जातात, आईला दुखतं आणि बाळ हवा गिळतं. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग खालून जास्त झाकलेला दिसला पाहिजे. पकड चुकली तर ओढू नका. करंगळी ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवा आणि पुन्हा लावा.

आणि हो, बाळंतिणीचं वरण, कोबी, वांगं बंद करून रडं थांबत नाही. शीमध्ये रक्त किंवा चिकट आव, अंगावर पुरळ असं काही असेल तरच गाईम्हशीच्या दुधाचा संशय घ्यायचा, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

वरचं दूध देणाऱ्यांसाठी

आधी पाणी मोजून बाटलीत, मग पावडर. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला १ सपाट चमचा असं असतं, तरी आपला डबा वाचा आणि चमचा त्याच डब्यातला वापरा. 'पोट भरेल' म्हणून शीग लावलेला चमचा टाकला की शी घट्ट होते आणि बाळ कुंथत रडतं. बाटली हलवल्यावर फेस बसू द्या.

ढेकर काढायला पाठीवर थापट्या मारायची गरज नाही. मांडीवर बसवा, एका तळव्याने छाती धरा, अंगठा आणि बोटांनी जबड्याचं हाड तोला (गळा नव्हे), थोडं पुढे झुकवा आणि दुसऱ्या हाताने पाठीवरून वर चोळा. ५ मिनिटांत नाही आला तर सोडून द्या. प्रत्येक पाजण्यानंतर ढेकर आलाच पाहिजे असा कायदा नाही.

चालण्याबद्दल

घेऊन चालणं आणि बसून डोलणं यात फरक आहे. जपानमधल्या रिकेन संस्थेच्या गटाने २०२२ मध्ये हे मोजून दाखवलं: रडणाऱ्या बाळाला छातीशी धरून ५ मिनिटं सलग चाला, झोपल्यावर ५ ते ८ मिनिटं तसंच घेऊन बसा, मग खाली ठेवा. आपल्याकडे ही मधली पायरीच वगळली जाते. डोळे मिटले की लगेच पाळण्यात, आणि पाठ टेकायच्या आधीच टाहो.

चालताना थबकू नका, वळसे कमी घ्या. टीव्हीसमोरच्या येरझाऱ्या मोजू नका. दिवा मंद, बोलणं बंद. नवजात बाळ पाऊण ते एक तासच जागं राहू शकतं. पाहुण्यांच्या हातोहात फिरलं की ही वेळ उलटून जाते आणि मग दमल्यामुळेच झोपत नाही. नजर चुकवणं, भुवया लाल होणं, मुठी आवळणं, ही वेळ पकडा. जांभईपर्यंत उशीर झालेला असतो.

दुपट्यात बांधणं

जुन्या सुती साडीचा १ मीटर चौरस तुकडा उत्तम. एक टोक आत दुमडा, त्या घडीवर खांदे येतील असं ठेवा, मान घडीच्या वर. डावी बाजू छातीवरून उजव्या काखेखाली खोचा, खालचं टोक सैल वर आणा, मग उजवी बाजू. छाती आणि कापडात दोन बोटं गेली पाहिजेत. पाय बेडकासारखे मुडपून हलले पाहिजेत. सरळ ताणून बांधले तर खुब्याच्या सांध्याला धोका. बांधलेलं बाळ उताणंच झोपवा आणि कुशीवर वळायचा प्रयत्न दिसला की बांधणं कायमचं बंद. वर आणखी कुंची आणि गोधडी नको. हातपाय गारच असतात. मानेमागे बोट लावा, घाम असेल तर एक थर काढा.

जुन्या उपायांबद्दल, आजींच्या परवानगीने

शेगडीवर ओवा-शेपांची धुरी नको. धुराने बाळाच्या श्वासनळ्या चिडतात. दृष्ट काढायची तर खुशाल काढा, मीठ-मोहरी ओवाळून बाहेर टाका, फक्त मिरच्या निखाऱ्यावर घालायच्या त्या बाळाच्या खोलीत नाहीत. बाळगुटीत जायफळ-वेखंडाचे वेढे 'अंदाजाने' उगाळले जातात आणि सहाणेवरचं पाणी कुठलं असतं ते विचारायला नको. सहा महिने फक्त दूध. मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटालाही नको, त्यातून बोट्युलिझम (जंतूंच्या विषाने अंग लुळं पाडणारा आजार) होऊ शकतो. हिंगाचा लेप नाळ पडून बेंबी पूर्ण सुकायच्या आत लावू नका. तेलाचा हात मात्र जरूर: कोमट खोबरेल, बेंबीभोवती घड्याळाच्या दिशेने, मग गुडघे पोटाशी नेऊन हळू सोडायचे, पाच-सहा वेळा. दूध पाजल्यावर लगेच नाही.

लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका

औषधाच्या दुकानातून 'पोटाचे थेंब' आणताना चिठ्ठी वाचा. डायसायक्लोमीन असेल तर सहा महिन्यांच्या आत अजिबात नाही. श्वास थांबण्याचा धोका असतो. सिमेथिकोनने अपाय सहसा नाही, पण उपयोगही सिद्ध झालेला नाही.

रडं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं तर बाळाला पूर्ण उघडं करा. पायाची बोटं एकेक सुटी करून पाहा. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात. त्यातला एक केस मोज्यात जाऊन बोटाभोवती आवळतो, बोट लालजांभळं सुजतं, आणि मोजा न काढता घरचे तासभर पोट शेकत बसतात. मुलाच्या शिश्नाभोवतीही पाहा. जांघेत कडक गाठ आहे का, तेही.

लगेच दवाखाना: १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त ताप (तीन महिन्यांच्या आत हा थांबायचा ताप नव्हे), हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, फुगलेली टाळू, दूध न ओढणं, लुळं पडणं, लघवी कमी होणं.

वरच्या सगळ्यांत राहिलेलं एक

घेणाऱ्याचाच तोल सुटतोय असं वाटलं तर बाळाला उताणं, सपाट गादीवर, उशी-लोड काढून ठेवा, दार ओढा आणि १० मिनिटं बाहेर जा. बाळ रडेल, रडू द्या. गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होतो, काही सेकंदही पुरतात. हे आजोबा, काका, सांभाळणाऱ्या मावशी, सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. पाळ्या लावताना आठ ते दहाची पाळी दिवसभर बाळ सांभाळलेल्या माणसाला देऊ नका.

धागा काढणारी

झोळीबद्दल कुणीच लिहिलं नाही. झोळीत हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट अरुंद होते. शांत करायला झोळी चालेल, पण समोर माणूस हवा. झोप लागली की सपाट जागी. मोबाईलवर पंख्याचा किंवा पावसाचा आवाज लावणार असाल तर फोन दोन मीटर लांब, आवाज बारीक, आणि झोप लागल्यावर बंद.